बॅटरी काढल्यावरचा आवाज

प्रिय बडबडे,

गाडी स्वस्तात पडली असं मी गल्लीभर सांगून आलोय, पण तुला खरा हिशेब सांगतो. गाडीची किंमत, वर माझे नऊ दिवस, अंगठ्याचं नख, पाठीत भरलेली उसण, आणि वायरमनची तीस वर्षांची दोस्ती तुटता तुटता राहिली ती वेगळीच. आणखीही एक गोष्ट गेली, ती शेवटी सांगतो. धंद्यात वाईट बातमी मी कायम शेवटीच देत आलो. तोवर गिऱ्हाईक निदान चहा तरी पिऊन घेतं.

गाडी लहानशी, राखाडी, इंजिन ठणठणीत. पण आधीचा मालक भारी हौशी. डिकीत कपाटाएवढं खोकं आणि त्यात परातीएवढा स्पीकर, सीटखाली अँप्लिफायर, चारही दारांत स्पीकर, पायाशी निळे दिवे. स्टेपनीला डिकीत जागाच उरली नव्हती, ती बिचारी मागच्या सीटवर पाहुण्यासारखी बसलेली. तो म्हणाला, काका, हे सगळं तुम्हाला फुकट देतोय. मी म्हटलं, बाबा रे, फुकटचं उतरवायलाच जास्त घाम गाळावा लागतो. मला गाडी हवी होती शांत, लांबच्या प्रवासाची. कुठल्या प्रवासाची, ते तू ओळखशीलच.

तुला माहीत आहे, गाड्या धुता धुता मी गॅरेज उभं केलं ते या दोन कानांच्या जिवावर. गाडी फाटकातून आत येईपर्यंत कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचो, बोनेट उघडायचं ते नुसतं गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. डॉक्टरला नळी लागते, याला तीही लागत नाही, असं लोक म्हणायचे आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. तुझी आई मात्र म्हणायची, गाड्यांचं सगळं ऐकू येतं, माझंच तेवढं येत नाही. मी हसण्यावारी न्यायचो.

तर काम स्वतःच करायला घेतलं. घरात दुसरं बोलायला कोण आहे? आधी बॅटरीची वायर सोडली, मग खोकं काढलं. अँप्लिफायरला थेट बॅटरीपासून बोटाएवढी जाड वायर आणलेली, कार्पेटखालून, मध्ये फ्यूजचा पत्ता नाही. गाडी पेटली नाही हे आधीच्या मालकाचं नशीब. दारांतल्या मूळ वायरी कापून चिकटपट्टीने जोडल्या होत्या. रंगाला रंग जुळवत एकेक पूर्ववत केली. पाचव्या दिवशी सगळा पसारा बाहेर. साधा रेडिओ बसवला, आत बसलो, काचा वर केल्या, म्हटलं आता जरा शांतता ऐकू. तर घूंऽऽ असा बारीक, न थांबणारा आवाज.

कुठेतरी एखादी वायर राहिली असणार. डॅशबोर्ड उतरवला, रेडिओ पुन्हा काढला, बॅटरीही उचलून बाजूला ठेवली. शेवटी आपल्या वायरमनला बोलावलं. तोच, ज्याच्या पेटीतले रंगीत वायरींचे तुकडे चोरून तू बांगड्या करायचीस. तो म्हणाला, मालक, कसला आवाज? मी म्हटलं, लेका, कान तपासून घे, म्हातारा झालास. तो फणकारून निघून गेला. नवव्या दिवशी दुपारी आपणहून आला, माझ्या शेजारी दार लावून बसला. मी म्हटलं, हा बघ, आत्ताही येतोय. तो हसला नाही. नुसतं म्हणाला, मालक, बॅटरी कुठे आहे बघा. ती तीन दिवस भिंतीशी फळीवर होती. मीच ठेवलेली.

बडबडे, आई होती तोवर फोन तीच घ्यायची आणि तुझं वाक्य न् वाक्य घरभर ऐकू जाईल असं मला पुन्हा सांगायची. ती गेल्यापासून गेली तीन वर्षं दर रविवारी तू फोन करायचीस, आणि मला वाटायचं, पोरगी पुटपुटतेय, दमलीय, बाप नकोसा झालाय. मग मी बरं बरं, छान झालं, करत वेळ मारून न्यायचो. गेल्या महिन्यात तू बराच वेळ काहीतरी सांगत होतीस, मध्येच थांबलीस. मी म्हणालो, छान झालं! तू फोन ठेवलास, आणि त्यानंतरचे चार रविवार रिकामे गेले. मीही रुसून बसलो. ते छान नव्हतं, एवढं आता कळतंय. पण काय होतं गं? मला पहिल्यापासून सगळं कागदावर लिही, एकही अक्षर माझ्याकडून सुटायला नको. वाचलं की निघतोच. गाडी तयार आहे, स्टेपनी डिकीत गेली, आणि तिथे तुझ्या सामानापुरती जागाही झालीय. काल कान तपासून आलो. डावा निम्मा शिल्लक आहे, उजवा तीन वर्षांपूर्वीच गेलेला असणार, डॉक्टर म्हणाले. फोन मी उजव्याच कानाला लावतो.

तुझाच,
बाबा