शेपटाकडची खुर्ची

हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम
शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

चि. इरा,

तुझी तब्येत चांगली असेल, तिकडे थंडी कडक असेल आणि तू कानाला काही न बांधता फिरत असशील, असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण तो आता घरातलाच झालाय, त्याची चौकशी कोणी करत नाही.

फोन करता आला असता. पण फोनवर तू पहिलं ‘मामी, जेवलीस का?’ विचारतेस आणि मग मला पुढचं काही बोलता येत नाही. म्हणून पत्र. तुमच्या हवाई तळावर आलेली पत्रं कधी कधी उघडून बघतात, असं मामा म्हणायचे. बघितलं तर बघू देत.

आधी इकडचं सांगते. खालच्या काशीच्या सुनेला मुलगा झाला, त्यामुळे काशी दीड महिना वांगणीला होती, नाताळानंतर परत आली. वाचनालयात विमानांवरची दोन इंग्रजी पुस्तकं आहेत, ती मीच आलटून पालटून घरी आणते. शब्दकोश घेऊन रोज दोन पानं होतात. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला दोन पानं पुष्कळ झाली. तुझ्या बाबांच्या दुकानात पाण्याच्या मोटारींची कामं खूप आली आहेत, सगळं वाइंडिंग ते स्वतःच करतात, दुसऱ्याच्या हातचं पटत नाही म्हणतात.

रविवारी तुझी आई आली होती. हातात तिच्या कॅम्प चारमधल्या शेजारच्या सिंधी बाईंनी दिलेल्या पापडांची पिशवी आणि डोक्यात राग. चप्पल काढायच्या आधीच तिने सांगितलं की तुझा पोलीस चौकशीचा अहवाल उलटा गेला. ‘नमूद पत्त्यावर सदर व्यक्तीचे वास्तव्य आढळून आले नाही.’ हे वाक्य तिला पाठ झालं होतं. इंधनाच्या टँकर विमानावर घेण्याआधी तू गेल्या सात वर्षांत जिथे जिथे राहिलीस तिथली चौकशी होते, आणि माझ्या घरच्या तीन वर्षांपाशी ती अडली. तेवीस तारखेच्या आत दुरुस्त अहवाल पोहोचला नाही, तर शेपटाकडच्या खुर्चीच्या प्रशिक्षणाला तुझ्या जागी यादीतला पुढचा मुलगा जाईल. पुन्हा माणसं कधी घेतील ते कोणी सांगू शकत नाही.

“दारापर्यंत न येताच लिहिलं असणार मेल्यांनी,” तुझी आई म्हणाली. “खाली टपरीवर चहा मारला आणि दिलं ठोकून. मी जाऊन बसतेच त्यांच्या डोक्यावर.”

मी तिला चहा दिला. हल्ली असंच चालतं, म्हटलं. ती आणखी बोलत राहिली, मी मान हलवत राहिले. निघताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “वहिनी, पोरगी तुम्ही वाढवलीत. माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त लागलं असेल.”

ती गेल्यावर मी पापड डब्यात भरले.

इरा, ते दारापर्यंत आले होते.

अठरा डिसेंबरला, गुरुवारी दुपारी. काशी नव्हती, समोरच्यांच्या दाराला कुलूप होतं. हवालदार तरुण आहे, अक्षय नाव. जिना चढून दमला होता. मी त्याला बसवलं, पाणी दिलं. त्याने फाईल उघडली आणि मनापासून कौतुक केलं. “भारी आहे हो मावशी. उडत्या विमानाच्या मागे बसून दुसऱ्या विमानात इंधन भरायचं. हे असतं हेच मला माहीत नव्हतं.” आणि तुझा फॉर्म माझ्यापुढे धरला.

तुझं अक्षर मी ओळखते. कोणाकडे राहत होता या रकान्यात तू लिहिलं होतंस, ‘कै. गुरुदत्त मोकाशी, मामा. त्यांनीच मला या कामाची ओळख करून दिली.’ मी ते दोनदा वाचलं. मग कागद उलटून मागची बाजू पाहिली. माझं नाव कुठेच नव्हतं.

“तीन वर्षं राहायची ना इथे?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, “नाही.”

त्याने फाईल पुन्हा पाहिली. पत्ता तर हाच आहे, म्हणाला. मी म्हटलं, पत्ता हाच, भाचीही आमचीच. सणासुदीला यायची. राहायला कधी नव्हती. त्याने लिहून घेतलं आणि मी सही केली. चांगली स्वच्छ सही आली.

आता हे का केलं ते लिहिते. मला तुझा मत्सर वाटतो. हे आजचं नाही. तू बॅग घेऊन आलीस त्या पहिल्या महिन्यापासूनचं आहे.

तू आलीस तेव्हा मामांना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. वर्षभर ते घरात पाहुण्यासारखे बसून असायचे. तू एकदा सहज विचारलंस, मामा, तुम्ही विमानात नेमकं काय करायचात? आणि त्या माणसाला तोंड फुटलं. गॅलरीत कपड्यांच्या दोरीला त्यांनी रॉकेलचं नरसाळं टांगलं, टेबलफॅन लावला, तुझ्या हातात माझं लाटणं दिलं. नरसाळं म्हणजे विमानाच्या नळीच्या टोकाची टोपली, लाटणं म्हणजे मागून येणारं लढाऊ विमान. तू लाटणं घुसवायला बघायचीस आणि ते बॅटरीच्या उजेडाने तुला खुणा करायचे. “टोपलीकडे बघू नको, ती हलणारच. माझ्या दिव्याकडे बघ.” तुम्ही दोघं हसायचात. त्या संध्याकाळी मी पोळ्या काचेच्या बाटलीने लाटल्या. लाटणं द्या, असं मी म्हणाले असते तर दिलं असतं तुम्ही. पण या, तुम्हीही बघा, असं कोणी म्हणेल का, याची मी वाट बघत होते.

तळावर असताना मी एकदा मामांना विचारलं होतं, मागे बसून काय दिसतं? ते म्हणाले, “ढग.” बास, एवढंच. आमच्या सगळ्या संसारात त्या कामाचे दोन शब्द माझ्या वाट्याला आले, एक ‘ढग’ आणि एक ‘ड्युटी’. पुढे पाच जण बसतात आणि मागे शेपटात एकटा एक, पाठ सगळ्यांकडे करून, हेसुद्धा मला ते तुला सांगत असताना ऐकून कळलं. मागचं काम येणारी माणसं तेव्हा इतकी कमी होती की एकाला ताप आला की दुसऱ्याची रजा गेली. ते मात्र मला माहीत होतं. रजा माझ्याच घरातून जायची.

पुढचं मी तुला कधी सांगणार नव्हते.

एकदा तू विचारलंस, मामा, तुम्हाला कधी भीती वाटली? त्यांनी मग सांगितलं. समुद्रावर सराव चालला होता, हवा बिघडली. मागून आलेला पोरगा नवीन, तुझ्याएवढा. चार वेळा टोपली चुकला. परत जाण्याइतकं इंधन त्याच्याकडे उरलं नव्हतं. मामा त्याच्याशी बोलत राहिले, गावाचं नाव विचारलं, घाई करू नको म्हणाले. पाचव्या वेळी जोड बसली. पोराने काचेआडून अंगठा दाखवला. “त्या दिवशी मी रजेवर असणार होतो,” मामा म्हणाले. “जोडीदाराचा कान दुखावला, त्याला उडता येईना, म्हणून रजा रद्द झाली.” कधीची गोष्ट, असं तू विचारलंस. ते म्हणाले, ऑगस्ट, दोन हजार सहा.

मी आत कणीक मळत होते.

ऑगस्ट दोन हजार सहामध्ये मी तळाच्या रुग्णालयात होते. पाचवा महिना होता. मुलगी होती, असं नर्सने सांगितलं. रजा त्यासाठीच मागितली होती, डॉक्टरांनी धोका आहे म्हटलं होतं म्हणून. मामा तिसऱ्या दिवशी आले, पलंगाशी बसले. मी विचारलं, कुठे होतात? म्हणाले, “ड्युटी.” त्यानंतर आम्ही त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. तो एक शब्द घेऊन मी चौदा वर्षं त्यांच्याशी चांगली वागले, आणि आतून नाही वागले.

मला तेव्हाच सांगितलं असतं तर मी भांडले असते, रडले असते. पण त्या पोराचा अंगठा माझ्याही वाट्याला आला असता. तो तुझ्या वाट्याला गेला. तू काही मागितलं नव्हतंस, तुला माहीतही नव्हतं. मत्सराला तेवढं कळत नाही.

ते गेल्यावर मी ती पुस्तकं वाचायला लागले. वाटलं, पुस्तकातून तरी त्यांच्या मागे जाऊन बसता येईल. नळीची लांबी कळते, दिव्यांचे रंग कळतात. ते काय बघायचे ते नाही कळत. आणि आता ते तू बघणार. हवालदाराने कागद पुढे धरला तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं, की निदान हे घर तरी माझं आहे, इथे कोण राहिलं ते मी ठरवीन.

तुझ्या आईने हात धरला, त्यानंतर दोन रात्री झोप लागली नाही. मंगळवारी सकाळी मी पोलीस ठाण्यात गेले. अक्षयला म्हटलं, मी खोटं बोलले होते, तसं लिहून घ्या.

त्याने आधी आजूबाजूला पाहिलं. “मावशी, हळू बोला. खोटं लिहिलं की का, कशासाठी, ते आलं. मग साहेबांची चौकशी, घरचा वाद आहे का, सगळं. दोन महिने जातील. पोरीची जागा जाईल.”

“मग?”

“वयोमानाने विस्मरण झालं, असं लिहू. आजच्या आज पाठवतो.”

मी म्हटलं, मी एक्कावन्न वर्षांची आहे आणि मी काही विसरत नाही. ती मेथीतली लसूण काढून ताटाच्या कडेला लावायची, आंघोळीला गेली की बादली भरून सांडायची, पहिल्या सेमिस्टरला गणितात—

“नका सांगू, मावशी,” तो म्हणाला. “विसरलात, असंच लिहायचंय.”

मी सही केली. काशी साक्षीला आली, तीन वर्षं ही मुलगी जिन्यावरून धावत उतरायची आणि माझी झोपमोड करायची, असं तिने सांगितलं. बुधवारी अहवाल गेला. पोहोच अक्षयने फोनवर पाठवली, ती तुझ्या आईला पाठवली आहे. तेवीस तारखेला अजून वेळ आहे, त्यामुळे काळजी करू नकोस.

तुझ्या आईने मात्र ते विसरणं खरं धरलं. तिने अंबरनाथच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली आहे आणि आवाज इतका मऊ केलाय की ऐकवत नाही. उद्या रिक्षात मी तिला सगळं सांगणार आहे. तिने काय बोलायचं ते तिने बोलावं. सरकारी कागदावर मी विसरलेली बाई आहे आणि तुझ्यासाठी तशी राहायला माझी हरकत नाही. घरात तशी राहणार नाही.

मत्सर गेला, असं लिहिलं तर ते पुन्हा खोटं होईल. तू त्या खुर्चीत बसलीस की तो वाढेल, हेही मला माहीत आहे. तरी तू बस. नीट शिक. तुझ्या पाळीनंतर तिथे बसणारं कोणी आजारी पडलं तर तुझी रजा जाईल, तेव्हा घरी का आली नाहीस ते घरच्यांना सांग. एका वाक्यात सांग, पण सांग.

पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. मी ते लिहिते आहे. घ्यायचे की नाहीत, ते तू ठरव. घेतले नाहीस तरी ते माझ्याकडे परत येणार नाहीत.

उमामामी