कट म्हणेपर्यंत

घरून,
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय उदयदादा,

सा. न. फोन असताना पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. घरी सगळं आहे तसं आहे. आण्णांचा गुडघा कुरकुरतो, उसाचा खोडवा यंदा उंच झालाय, आणि तुझी लेक संयोगिता शाळेत भाषणात पहिली आली. बक्षिसाच्या डब्याला ती कुणाला हात लावू देत नाही. तू दिवाळीला पंधरा दिवस येतोयस हे आईला सांगितलं. मिरजेच्या दवाखान्यातून आणल्यापासून बोलणं नाहीच, पण तिला समजलं असावं. डावा हात तिने दोनदा उशीवर आपटला.

आता चांगली बातमी. माझा सिनेमा साताऱ्याच्या महोत्सवात घेतलाय. हसू नकोस. तू मला "दिग्दर्शकसाहेब, म्हशीला वैरण टाका" म्हणायचास ना, तोच सिनेमा. यूट्यूबवर बघून शिकलेला, तू मिलिटरी कॅन्टीनमधून आणलेल्या मोबाईलवर काढलेला. उजेड वळवायला मांडववाल्याकडचा थर्माकोल, कॅमेरा सरकवायला खताची हातगाडी आणि मदतीला एकटा नाथाजी वायरमन. नट आणायची ऐपत नव्हती म्हणून आई. फौजेतल्या मुलाची वाट बघत एसटीच्या थांब्यावर बसणारी म्हातारी करायची होती. "येवढंच व्हय? ते तर मी बारा वर्सं करतीया," म्हणून ती हसली होती.

तिला मी एकच नियम शिकवला. मी कट म्हणेपर्यंत थांबायचं नाही. कुणी हाक मारली, माशी बसली, पदर उडाला, तरी नाही. पहिल्याच दिवशी शेळीने तिच्या पिशवीतली भाकरी ओढून खाल्ली, पण आई हलली नाही. मी हसत सुटलो आणि कट म्हणायचंच विसरलो, तर ती तशीच बसून होती.

महोत्सवाच्या लोकांनी पत्रात लिहिलंय की एसटी निघून जाते आणि म्हातारीच्या हातातून पिशवी गळते, तो क्षण मनातून जात नाही. आण्णांनी ते पत्र देवघरात ठेवलंय. तू आलास की गाडी करून आईला साताऱ्याला न्यायचं, असं घरात ठरलंय.

दादा, मी लिहिलेल्या प्रसंगात ती पिशवी गळत नव्हती.

हेच मला सांगायचं होतं. शेळीचं सांगत बसलो.

आईला संध्याकाळी सात वाजता घरात चक्कर आली असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. त्या दिवशी दुपारी चारपासून आम्ही थांब्यावर होतो. दुसऱ्या वेळेला पिशवी पडली. उचलायला उजवा हात जाईना, तिने डाव्याने उचलली. तोंड जरा वाकडं झालं. मला वाटलं, रडू आवरतेय. माझ्या अंगावर काटा आला. मी ओरडलो, "आई, लय भारी! परत एकदा, असंच!"

नाथाजी म्हणाला, "जया, काकी दमल्यात रं. पाणी तरी दे."

"ऊन उतरतंय गड्या. दोन मिनिटं."

तिने आणखी तीनदा केलं. शेवटी मी कट म्हणालो, तेव्हा तिने पहिल्यांदाच सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. मोबाईल अजून चालूच होता. जीभ जड झाली होती. "झालं का रं तुज्या मनासारकं? हात लय जड झालाय."

नाथाजीने तिला धरून घरी नेलं. मी माडीवर क्लिपा बघत बसलो. खूश होतो, दादा. सातला तिच्या हातून पाण्याचा तांब्या पडला आणि आण्णांनी हाक मारली. गाडी मिळवून, इस्लामपूरचा दवाखाना करून मिरजेला पोचायला साडेनऊ झाले. डॉक्टरांनी विचारलं, हे सुरू कधी झालं? मी मोबाईल काढून दाखवला. क्लिपवर वेळ होती, चार बावीस. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. तासभर आधी आणलं असतं तर लकव्याची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं, म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत.

आणि तू फोनवर म्हणालास, "तू घरात होतास म्हणून वाचली रं." मी हूं म्हणालो. पाच महिने झाले. नाथाजीला सगळं माहीत आहे, पण तोही काही बोलत नाही, माझ्याशीसुद्धा नाही.

तो शॉट काढला तर सिनेमा उरत नाही. ठेवला तर साताऱ्यात तुम्ही सगळे आईला तसं होताना बघणार, लोक टाळ्या वाजवणार, आणि ती स्वतः खुर्चीत बसून बघणार. महोत्सवाला नाही म्हणायला तीनदा फोन लावला आणि पलीकडून हॅलो आलं की ठेवून दिला. क्लिप पुसायला गेलो तर तेही होईना. तिचा बोलता आवाज तेवढाच राहिलाय. मला काहीच करता येत नाही. तू येऊन तिच्यासमोर बसायच्या आधी हे माझ्याकडून कळावं, एवढंच मला जमतंय.

व्यायाम शिकवणारी ताई रोज सकाळी येते. उजवा पाय दहा वेळा उचलायला लावते. दहा झाले की "बास, आजी" म्हणते. आई थांबत नाही. आण्णा म्हणतात, "आगं, बास की आता." तरी नाही. घामाने भिजते, पाय थरथरतो, आणि माझ्याकडे बघत राहते. काल तेवीसपर्यंत गेली. ताई घाबरली. शेवटी दारात उभा होतो तिथूनच मी "कट" म्हणालो.

थांबली.

खाली 'तुझा भाऊ' लिहायचं की नाही, ते तू आल्यावर सांग.

जयराज