माझ्याच फोनवर पहिला नंबर

मालाड, गुरुवार संध्याकाळ

माझा फोन लबाड निघाला. रोज सकाळी त्यात 'शिवलेली नऊवारी मालाड' असं बोलून शोधायचे, तर सून कल्पनाची वेबसाईट सगळ्यात वर. मी अख्ख्या बिल्डिंगला सांगून बसले, आमचा पहिला नंबर! आज शेजारच्या सुमनने स्वतःच्या फोनवर शोधलं. पहिल्या पानावर आम्ही नाहीच. "काय गं शालन, कुठाय तुझा नंबर?" वर दात काढले मेलीने.

कल्पना म्हणाली, "आई, तुम्ही रोज आपलीच उघडता, म्हणून तुमचा फोन तुम्हाला आपलीच आधी दाखवतो."

म्हणजे हा मला मस्का मारत होता? आणि मी फुगले! नोकरी गेल्यावर कल्पनाने शिलाई मशीन घेतलं, तिचा धंदा चालावा म्हणूनच बघत होते ना.

मग वर जायचं कसं? म्हणे, लोक विचारतात त्याचं सरळ उत्तर जिथे मिळतं आणि दुसरे ज्याचं नाव सांगतात, ते वर चढतं. बाजारासारखंच की. आपली तारीफ आपण करून भागत नाही.

परत सुमनचा फोन मागितला. सरकवत गेले. दुसऱ्या पानावर आमची कल्पना! सुमनने तर आमची वेबसाईट कधी उघडलीच नव्हती. म्हणजे हा नंबर खरा.

वेबसाईटवर बोरिवलीच्या एका बाईने विचारलंय, "माझं पोट सुटलंय, नऊवारी बसेल का?"

उत्तर आजच जायला हवं. आणि ते कल्पनानेच लिहायचं. मी लिहिलं तर पोटावरच बोलेन आणि गिऱ्हाईक पळेल.