बाबांना पुन्हा पाटात पाडताना

शिरूर, ता. ६ जानेवारी १९५९

प्रिय हेलनताई,

धाकट्या कृपेचा सलाम. तुझा गुडघा, भाऊजींची रेल्वे आणि ती शिंगं उगारणारी शेळी, सगळी बरी असोत. आम्ही देवाच्या दयेनं ठीक आहोत (माझं डोकं सोडून).

बाबांच्या आठवणींचं मी लिहिलेलं पुस्तक छापायला काढलंय, हे तुला ठाऊक आहेच. घोटाळा एवढाच झाला, की दोन कामं मी दोन माणसांना दिली आणि दोघांनी एकमेकांची केली. पुण्याच्या एका संपादकांना लिहिलं होतं, कुठं रेंगाळलंय, कुठं घाई झालीय, काय गाळू, काय वाढवू, निःसंकोच सांगा. त्यांनी हस्तलिखित तीन महिने ठेवून घेतलं आणि सत्तावीस स्वल्पविराम घालून परत पाठवलं (खाली ‘संपादन पूर्ण’ आणि लफ्फेदार सही). मग दौंडला पोपटरावांच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळले, मुद्रितं आली. ती नुसती हस्तलिखिताशी ताडून पाहायची. सुटलेलं अक्षर, उलटा बसलेला खिळा दाखवायचा, इतकंच काम. ते इसहाकमामांना दिलं. चर्चच्या मंडळीत वडीलधाऱ्याला डावलून काही छापलं तर काय होतं, तुला सांगायला नको.

मामांनी अक्षरांकडे पाहिलंच नाही, बाबांकडे पाहिलं. बाबा सायकलसकट पाटात पडले ते पान गेलं. चिडले की टोपी आपटायचे, ते गेलं. प्रवचन लांबलं की मोठ्यानं घड्याळाला किल्ली द्यायचे, तेही गेलं. त्या जागी मामांच्या हातचं, ‘ते सदैव शांत व प्रसन्न असत.’ आणि मला न दाखवताच मुद्रितं छापखान्यात परत धाडली! दुसऱ्या खेपेची आली तेव्हा मला कळलं. जाब विचारला तर म्हणाले, “पोरी, देवाघरी गेलेल्या दाजींना पाटात पाडतीस व्हय?”

“मामा, तुम्ही फक्त अक्षरं बघायची होती.”

“तीच बघितली. लय होती.”

तशीच एस.टी. धरून दौंडला गेले. (तुझ्या दारावरून गेले, आत आले नाही. का, ते खाली.) पोपटराव म्हणाले, “बाई, शनवारी छपाई हाय. बाबांना पाडायचं आसंल तर बिगीनं पाडा.” मी तिथंच स्टुलावर बसून बाबांना पुन्हा पाटात पाडलं, टोपी आपटायला लावली, घड्याळाची किल्ली हातात दिली. मामांनी गाळलेलं एक पान मात्र तसंच बाहेर राहिलं.

तुझी धाकटी,
कृपा

ता.क. ते पान तुझं आहे. तू अजून म्हणतेस, ‘लग्नानंतर दोन वर्षं बाबांनी माझं तोंड पाहिलं नाही.’ पाहिलं, ताई, महिन्यातून एकदा. कंदिलाची काच आणतो म्हणून दौंडला जायचे, तुमच्या क्वार्टरसमोरच्या लिंबाखाली बसायचे, तू कपडे वाळत घालून आत गेलीस की उठायचे. मी बरोबर असायची. घरी काच कधी आलीच नाही. तुझ्या थोरल्याच्या बाप्तिस्म्याला अबोला सुटला, पण हे कुणाला सांगायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं. परवा तुझ्या दारात हे तोंडानं सांगायचा धीर झाला नाही.

आणखी ता.क. माझ्या हातचं ते पान सोबत आहे. शनिवारच्या आत पोपटरावांकडे जाऊन ये. तू सांगशील तसं ते करतील. गाळलंस तर ते संपादन, आणि तो हक्क फक्त तुझा. ठेवलंस तर नुसती अक्षरं तपास. पण कागद ओला करू नकोस. पोपटरावांना फुटलेली शाई वाचता येत नाही.