डिक्कीतली सोयाबीन

रविवार, संध्याकाळ. चाकूर.

घेतली एकदाची गाडी! लातूरचा तो जुन्या गाड्यांचा डीलर सारखा अण्णांकडंच बघून बोलत होता. पैसे माझे, अन् भाव माझ्या वडिलांना सांगून राहिला!

"डॉक्टरची गाडी हाय, काका. घर ते दवाखाना, बस."

मी डिक्कीतली मॅट उचलली. खाली सोयाबीनचे दाणे! मूठभर त्याच्या टेबलावर ठेवले. "डॉक्टर गोळ्या म्हणून सोयाबीन देत होते का?"

पोती वाहून शॉकअप गेलेत म्हणत मी वीस हजार कमी करून घेतले. एवढं बोलणं कुठून आलं मला? दाणे अजून पर्समध्येच आहेत.

घरी आल्यावर अण्णांनी आधी डिक्की उघडली. वाकून बघितलं अन् म्हणाले, "बाई, सोयाबीनचे तीन कट्टे बसतील की!"