सीतादहीचा दिवस

माय,

तुला वाचता येत नव्हतं, आणि मी लिहायला शिकलो ते तू गेल्यावर, अमरावतीच्या अडत्याकडे राहून. म्हणजे हा कागद दोन्हीकडून वायाच. तरी लिहितो, कारण आपल्या वावरातली बोंडं फुटून वेचणीला आली.

दिवाळी सरून सकाळी गारठा पडू लागला की तुझी सीतादही असायची. वेचणीच्या आधीचा तो एक दिवस. तू दहीभात कालवून कापसाच्या पराटीवर शिंपडायचीस, कापूस दह्यासारखा पांढरा निघू दे म्हणायचीस, आणि मग दिवस मावळेपर्यंत पिकाला कोणी हात लावायचा नाही. सगळं घर वावराच्या कडेला धुऱ्यावर बसून. वर्षभरात कोण गेलं, कोणाशी भांडलो, काय चुकलं, ते तू एकेक आठवून बोलतेस, बा ऐकतो. मी हळूच एक बोंड ओढतो आणि तुझा फटका माझ्या मनगटावर बसतो. "काहून तोडलं रे? आजच्या दिवस पराटीले बसू दे. अन् मले बी."

मग सातासमुद्रापलीकडे कुठली लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि आपल्या कापसाला सोन्याचं मोल आलं. बा पेठेतून धावतच आला. "औंदा सीतादही राहू दे. भाव चढून राहिला, उद्या उतरला तं?" तुझं अंग तापानं फणफणत होतं. "जराक बसू द्या ना," एवढंच म्हणालीस, आणि पदर खोचून वेचायला गेलीस. थंडी संपायच्या आत तू गेलीस. तुझ्या तेरवीला बानं गावाला बुंदी वाढली. भाव चांगला मिळाला होता. त्या बुंदीचा मला अजून राग येतो.

पुढं ज्वारी मोडून सगळ्यांनी कापूसच पेरला. ज्वारी नाही म्हणून कडबा नाही, कडबा नाही म्हणून गाई गेल्या. लढाई थांबली, भाव पडला, बा पण गेला. आता घाई कुणालाच नाही. म्हणून आज ठरवलं, तुझा दिवस पाळायचा. बायको म्हणाली, "दही कुठून आणू? साऱ्या गावात मागून पाह्यलं."

रिकाम्या हातानं जाऊन धुऱ्यावर बसलो. कोण कोण गेलं ते आठवायला घेतलं, तर मन तुझ्यापुढे सरकेचना. खरं सांगू? घटकाभरही बसवलं नाही. हात आपसूक बोंडाकडे गेला. मनगटावर फटका बसेल म्हणून ते तसंच धरून थांबलो. बराच वेळ थांबलो, माय. मग वेचायला लागलो.