हिरवा गोल

८ जुलै, मंगळवार

आज रिपोर्टवर हिरव्या गोलांची नुसती रांगोळी!

कंपनीचा नियमच आहे – लॅबमधल्या माणसाला सहीचा अधिकार मिळेपर्यंत त्याचा रिपोर्ट आधी प्रणितच्या टेबलावर जाणार. तो इंग्रजी तपासणार, चुकीवर हिरवा गोल काढणार, मग कागद प्लांटवर. अधिकार मिळाला की थेट प्लांटवर. माझ्याबरोबर लागलेल्या वैशालीला कधीच मिळाला. मी अजून लोंबकळतेय.

"तुम्ही 'इफ' आणि 'इन केस' एकाच डब्यात ठेवता," म्हणाला. "आधी मनात मराठीत म्हणा. प्रेशर वाढलं तर व्हॉल्व बंद करा – हे 'इफ'. प्रेशर वाढेल म्हणून आधीच बंद करून ठेवा – हे 'इन केस'. प्लांटवरचा माणूस वाचेल तसंच करणार."

आवाज चढवला नाही. मला राग यायला हवा होता, पण मी त्याच्या पेनाकडेच बघत बसले. ही असली हिरवी शाई रोह्यात मिळते तरी कुठे?

९ जुलै

'ऑन टाइम' – ठरल्या वेळेला. 'इन टाइम' – वेळ टळायच्या आत. कंपनीच्या बसमध्ये हेच घोकत होते आणि आमच्या गावाला, निडीला, उतरायचंच राहिलं! ड्रायव्हरला ओरडून पुढे उतरले, चालत मागे आले. दोन्ही बाजूंना भात. त्याच्या शाईसारखं हिरवं. घाई नव्हती मला.

१४ जुलै

नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलेलं. प्रणित पेणहून येतो. दुपारी पोचला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"ऑन टाइम तर नाही," मी म्हटलं. "इन टाइम तरी आहे का?"

हसला! आजवर मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

मग चहा. पेणला रामवाडीत त्यांचा गणपतीचा कारखाना आहे. वडील मूर्तींचे डोळे आखतात. "डोळे सगळ्यात शेवटी. रेघ केसभर सरकली तरी मूर्ती आपल्याकडे बघत नाही, भलतीकडेच बघते." त्याला स्वतःला आखणी जमली नाही, हात थरथरतो. म्हणून इकडे आला. बोलताना कपाची बशी वाजत होती, ती त्याने हळूच खाली ठेवली.

म्हणजे तो आमच्या वाक्यांचे डोळे बघतो. हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "बिस्कीट घ्या."

१७ जुलै

एकही गोल नाही. कोपऱ्यात 'छान' लिहिलं आणि कागद पुढे पाठवला. टेबलाशी आलासुद्धा नाही.

इतक्या मेहनतीने शिकले, त्याचं हे फळ!

१८ जुलै

आज मुद्दाम एक चूक ठेवली. 'यूज्ड टू' ची.

आला. स्टूल ओढून बसला. "हे पूर्वी करायचो असं म्हणायचंय, की सवय झालीय असं?"

"सवय झालीय," मी म्हटलं आणि खिडकीबाहेर बघितलं.

२२ जुलै

रोज एकच. भाजीत मीठ घालतो तेवढीच. तो येतो, बसतो, समजावतो. मी मान हलवते. त्यातलं अर्धं मला कधीच कळलेलं असतं. संध्याकाळी बसमध्ये डोळे मिटले की ते स्टूल सरकल्याचा आवाज येतो.

घरी आईचा आवाज येतो. "काय गो, तुझी सही व्हनार हाय का नाय? वैशालीची आय रोज इचारते."

"व्हईल गो."

लॅबचे हैबतराव साहेब मात्र आईसारखे नाहीत. "मधे सुधारली होतीस, परत घसरलीस. ऑगस्टपर्यंत सही नाय मिळाली तर पॅकिंगला पाठवीन." पॅकिंगला! बीएस्सी करून खोके चिकटवायचे? घाबरले. खरंच घाबरले. तरी आज चूक केलीच. वेड लागलंय मला.

२८ जुलै



आजची चूक – 'बॅच थांबली तर व्हॉल्व बंद करा' या सूचनेत 'इफ' च्या जागी 'इन केस'. कागद ट्रेमध्ये टाकला आणि डबा उघडला. वैशाली सहज म्हणाली, "आज प्रणित नाय. गणपतीच्या कामाला पेणला थांबलाय. साहेबांनी कागद तसेच खाली प्लांटवर पाठवले."

घास तोंडातच. धावत सुटले, चप्पल जिन्यात राहिली.

प्लांटवरच्या जितेशचा हात व्हॉल्वच्या चाकावर होता. बॅच चालू होती. बंद केला असता तर प्रेशर कुठे गेलं असतं? आणि तो तिथेच उभा!

"थांब!"

"काय झाला? तूच लिवलंस ना, आदीच बंद करून ठेव म्हनून."

"चुकलं माझं."

"तू कशी चुकलीस गो? तू तर हुशार हाय." कपाळावरचा घाम पुसून तो हसला. मला रडू आलं.

आपल्या गोड खेळापायी दुसऱ्याचा जीव! लाज वाटते मला स्वतःची.

२९ जुलै

प्रणितला सांगितलं. चुका मुद्दाम होत्या म्हणून. का, ते सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. खूप वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिला.

"आता नको," एवढंच म्हणाला.

हैबतराव साहेबांनाही सांगितलं – काल माझ्यामुळे काय होणार होतं ते. खूप बोलले. सगळं खाली मान घालून ऐकलं.

१ ऑगस्ट

एकही गोल नसलेले कोरे कागद. रोज कोरे. प्रत्येक वाक्य आधी मराठीत, मग इंग्रजीत, मग परत एकदा जितेशच्या डोळ्यांनी.

८ ऑगस्ट

सही मिळाली!

आईने शेजारी साखर वाटली. "म्हंजे आता तुजा कागद कुनी तपासायचा नाय ना?"

"नाय गो. कुनीच नाय."

खूप आनंद झालाय. पॅकिंगची टांगती तलवार गेली. आणि ताटातला भात तसाच ठेवून उठले.

१२ ऑगस्ट

स्टूल अजून माझ्या टेबलाजवळच आहे. प्रणित समोरून गेला, मान हलवली, थांबला नाही. थांबायला काही कारणच उरलं नाही.

पहाटे स्वप्न पडलं. रामवाडीची ती मी न पाहिलेली शेड. पांढऱ्या मूर्ती ओळीने बसलेल्या, कुणालाच डोळे नाहीत, सगळ्या वाट बघतायत. मी त्यांच्यामधून अनवाणी चालतेय. कुठूनतरी मऊ हिरवा उजेड येतोय. जागी झाले तरी काही वेळ तो उजेड भिंतीवर होता. भातावरून येत असेल.

१४ ऑगस्ट

टेबलावर माझ्याच कालच्या रिपोर्टची झेरॉक्स. हा कागद त्याच्याकडे जायचा नव्हताच – त्याने तो प्लांटवरून मागवला असणार.

एका वाक्याभोवती हिरवा गोल. जरा थरथरलेला.

वाक्य मराठीत म्हणून बघितलं. इंग्रजीत वाचलं. परत वाचलं. कुठेच काही चुकलेलं नाही.